शॉकअप बदलले तरी गाडी आपटतेच? खटखट परत का येते आणि ती कुठे शोधायची

पाऊस उघडला की दरवर्षी आमच्या गाडीचं एकच दुखणं. पुढच्या डाव्या चाकाकडून खटखट सुरू होते, खड्ड्यात चाक गेलं की दणका थेट पाठीत बसतो आणि मागे बसलेली आई गतिरोधक दिसला की आधीच समोरची सीट घट्ट धरून ठेवते. तिच्या कमरेच्या मणक्यात गॅप आहे. दोन वर्षांत मी पुढचे शॉकअप दोनदा बदलले, लोअर आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा खालचा दांडा) एकदा, आणि अलाइनमेंट तर दर सर्व्हिसिंगला. गॅरेजमधून गाडी आणली की दोन-तीन महिने छान, मग पुन्हा तेच. तिसऱ्यांदा "ताई, शॉकअप गेलेत" असं ऐकल्यावर मी गाडी तशीच घरी आणली आणि महिनाभर एकेक गोष्ट तपासत गेले. शॉकअप गेलेले नव्हते.

गाडी साधी हॅचबॅक आहे. पुढे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगच्या मधोमध शॉकअप, आणि मागे दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा बीम. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या अशाच असतात, त्यामुळे खालचं बरंचसं त्यांना लागू पडेल. पाटे असलेल्या पिकअपचं गणित वेगळं.

सगळ्यात आधी एक गोष्ट मला कळली, आणि ती कळेपर्यंत माझे बरेच पैसे गेले: धक्का आणि खटखट ही दोन वेगळी दुखणी आहेत. गाडी कडक लागते, दणके देते, त्याची कारणं वेगळी. गाडी आवाज करते, त्याची कारणं वेगळी. गॅरेजमध्ये आपण "गाडी फार आपटते हो" एवढंच सांगतो आणि दोन्हीवर एकच औषध मिळतं, शॉकअप.

आवाज शोधायच्या आधी डिकी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, टॉमी, पान्हा, पाण्याचा कॅन, सगळं घरात नेऊन ठेवा आणि नेहमीच्या रस्त्यावरून एक चक्कर मारा. माझ्या गाडीत स्टेपनीचा बोल्ट दीड आटा ढिला होता. मागून येणारी गडगड तिथेच थांबली. पुढची खटखट मात्र राहिली.

मग हवा. धक्क्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक मला इथे मिळाला आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की दाराच्या खांबावर स्टिकर असतं, त्यावर हवेचा आकडा असतो. माझ्या गाडीला ३३ पीएसआय. पंपावर मात्र वर्षानुवर्षं ४० भरली जात होती, कारण ॲव्हरेज बरं पडतं असं मी कधीतरी ऐकलं होतं. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे. उखडलेल्या डांबराची खडबड, पेव्हर ब्लॉकच्या फटी, रस्त्यावर पसरलेली खडी हे सगळं शॉकअपपर्यंत पोचायच्या आधी टायरनेच गिळायचं असतं. ३३ च्या जागी ४० म्हणजे पाचव्या हिश्श्याहून जास्त हवा, आणि टायर जवळपास तेवढाच ताठ. अशा टायरवर नवे कोरे शॉकअप घातले तरी गाडी कडकच लागणार.

हवा गाडी थंड असताना मोजायची, सकाळी निघतानाच. तापमान ५-६ अंशांनी बदललं की साधारण १ पीएसआयचा फरक पडतो. नाशिकची जानेवारीतली पहाट १० अंशांची आणि मेची दुपार ४० ची, म्हणजे नुसत्या ऋतूने ५ पीएसआय इकडचे तिकडे होतात. थंडीत भरलेली हवा उन्हाळ्यात पुन्हा बघितली नाही की गाडी आपोआप कडक होते. मी टायर गेज विकत घेऊन गाडीतच ठेवला आहे. नायट्रोजन भरल्याने धक्के कमी होत नाहीत. दाब तोच असेल तर टायरला आत कुठला वायू आहे याने काही फरक पडत नाही.

हवेबरोबर टायरचं वयही बघा. टायरच्या भिंतीवर चार आकडी कोड असतो. २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. नक्षी भरपूर शिल्लक असते, पण रबर वाळून लाकडासारखं झालेलं असतं. कमी फिरणाऱ्या गाड्यांचं हे नेहमीचं आहे. आणि कुणी मोठी अलॉय व्हील बसवली असतील तर दणक्याचं अर्धं कारण तिथेच सापडेल. १८५/६५ आर १५ टायरची भिंत १२० मिलिमीटरची असते. तेच १९५/५५ आर १६ घातला की ती १०७ वर येते. बाहेरून चाकाची उंची जवळपास तीच, पण खड्डा आणि रिम यांच्यामधली रबराची गादी १३ मिलिमीटरने कमी झाली. वर चाक जड असेल तर तेही शॉकअपलाच आवरावं लागतं. दिसायला छान दिसतात हे मान्य. आपल्या रस्त्यांसाठी मी ती कुणालाही सुचवणार नाही.

गाडी कुठल्या रस्त्यावर त्रास देते?

मेकॅनिकने मला हा प्रश्न कधीच विचारला नाही, आणि निदान खरं तर इथूनच सुरू होतं. नाशिकच्या आजूबाजूला तीन तऱ्हेचे रस्ते आहेत, आणि प्रत्येक रस्ता गाडीचा वेगळा भाग तपासतो.

पहिला, जुन्या नाशकातला. पंचवटीतल्या, भद्रकालीतल्या गल्ल्या, पेव्हर ब्लॉक, फरशी, गटाराची वर आलेली झाकणं. वेग २० चा, धक्के बारीक पण सतत. इथे गाडी थरथरत असेल तर हवा आणि टायर. इथेच बारीक टकटक येत असेल तर लिंक रॉड, म्हणजे पुढच्या आडव्या स्टॅबिलायझर बारची टोकं सस्पेन्शनला जोडणारे छोटे दांडे.

दुसरा, निफाडकडचा. चांदोरी, सायखेडा हा सगळा काळ्या मातीचा पट्टा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर वर-खाली होतं. खड्डा एकही नसतो, पण रस्त्याला लाटा असतात. समजा लाट ८-१० मीटरची आहे. ताशी ४० ने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते, म्हणजे सेकंदाला साधारण एक लाट. स्प्रिंगवर तोललेल्या बॉडीचा स्वतःचा झोकाही सेकंदाला एक ते दीडच असतो. दोन्ही ताल जुळले की पाळणा झोक्यागणिक वाढत जावा तशी गाडी डोलायला लागते. हा झोका मोडणं हे शॉकअपचं खरं काम आहे. स्प्रिंग धक्का साठवून ठेवते आणि परत देते. शॉकअप त्याच्या आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकलून ती ताकद उष्णतेत घालवून टाकतो. म्हणून अशा रस्त्यावर लाट संपल्यावरही गाडी दोन-तीनदा डोलत राहत असेल, मागे बसलेल्यांना मळमळत असेल, तर शॉकअप खरंच थकलेत. माझी गाडी तिथे एका झोक्यात बसत होती. नवेच तर होते शॉकअप! हा पुरावा माझ्याकडे पहिल्यापासून होता, मला तो वाचता येत नव्हता.

तिसरा, पेठ रोड. सावळ घाट चढून करंजाळीकडे निघालात की पश्चिमेचा मुसळधार पाऊस काय करतो ते दिसतं. धारदार कडांचे खड्डे, साइडपट्टी खचलेली, एक चाक खाली आणि एक वर. इथे बुश (सांध्यातलं रबर), बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोल सांधा), माउंट (स्ट्रट वर बॉडीला जिथे जोडलेला असतो तो भाग) आणि बंप स्टॉप यांची परीक्षा होते. चार-पाच माणसं आणि सामान भरलेलं असताना मागून "धप्प" असा एकच जाड आवाज येत असेल, तर मागची स्प्रिंग पूर्ण दबून रबरी बंप स्टॉपवर टेकते आहे. गाडी रिकामी असताना हा आवाज येत नसेल तर काही बदलायची गरज नाही, सामान कमी करा किंवा वेग. रिकामी असतानाही येत असेल तर स्प्रिंग बसली आहे का, कुठे तडकली आहे का ते बघा.

आता खटखट

आवाज शोधताना घरातलं एक माणूस बरोबर घ्या, खिडक्या उघड्या, रेडिओ बंद. मी भावाला बसवलं आणि पाथर्डी फाट्याच्या आतल्या एका मोकळ्या रस्त्यावर तासभर फिरलो.

आधी खडबडीत जागेवरून जाताना ब्रेकवर हलकेच पाय ठेवा, गाडी थांबवायची नाही, नुसता दाब. आवाज लगेच बंद झाला तर ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये हलतायत. सस्पेन्शनचा काही संबंध नाही.

मग सरळ गतिरोधकावरून दोन्ही चाकं एकदम न्या, आणि नंतर एकच चाक. दोन्ही एकदम गेल्यावर शांत आणि एकच चाक गेल्यावर टकटक, असं असेल तर बहुतेक लिंक रॉड. दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार एक चाक वर आणि एक खाली असतानाच पिळला जातो, म्हणून हा फरक. खात्री करायची तर लिंक रॉड दोन्ही बाजूंनी सोडवून, बार बाजूला बांधून, हळू एक फेरी मारतात. वळणावर गाडी जास्त कलते, त्यामुळे हे गॅरेजच्या आसपासच करायचं. लिंक रॉड हा स्वस्तातला भाग आहे आणि बऱ्याचदा आधी तोच जातो. तरी तो सोडून शॉकअप बदलले जातात, याचं मला अजून वाईट वाटतं.

गाडी उभी ठेवून स्टेअरिंग पूर्ण फिरवताना वरून, बॉनेटच्या कोपऱ्यातून "टण्ण" असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला तर स्ट्रटचं वरचं माउंट किंवा त्यातलं बेअरिंग. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्स घेऊन पुढे निघताना एक जाड "ठक" आली तर लोअर आर्मचे बुश. आणि चाक उचलून वरून-खालून धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग, डावी-उजवीकडून हलवल्यावर जाणवला तर टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारा स्टेअरिंगचा दांडा. बॉल जॉइंटमध्ये खेळ असेल तर ती गाडी घाटात नेऊ नका, तिथल्या तिथे बदला. तो निखळला तर चाकच वाकडं होतं. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, हातभर डोकावायलाही नाही.

माझ्या गाडीत रिव्हर्स घेऊन पुढे निघताना ठक यायची. म्हणजे लोअर आर्मचे बुश, जे जेमतेम आठ महिन्यांपूर्वी बदलले होते.

नवे बुश आठ महिन्यांत का फाटतात?

आमच्या शेजारचे काका सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेत, आयुष्य असेंब्लीवर गेलं. मी त्यांना काढलेला लोअर आर्म दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, बुश अंगठ्याने दाबून बघितला. रबर सगळीकडून सारखं झिजलेलं नव्हतं. एकाच बाजूला तिरकी, गोल फिरत गेलेली चीर होती, ओला टॉवेल पिळावा तशी. काका म्हणाले, "हे झिजलेलं नाही गं, पिळून फाटलंय. गाडी लटकवून आवळली असणार त्यांनी."

आपल्याला वाटतं बुश बोल्टभोवती बेअरिंगसारखा फिरतो. तो फिरत नाही. त्यात बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि मध्ये दोन्हींना चिकटवलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी चेसिसला जखडली जाते. त्यानंतर चाक वर-खाली होतं तेव्हा आर्म हलतो तो मधल्या रबराला पीळ देऊन. आता गाडी लिफ्टवर चढवली की चाकं खाली लोंबतात, आर्म खाली झुकलेला असतो. त्या अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळला तर रबराच्या दृष्टीने तीच आरामाची जागा ठरते. गाडी जमिनीवर उतरली, बॉडीचं वजन आलं, आर्म वर आला, की रबर पिळलेलं. उभ्या गाडीतसुद्धा पिळलेलं, चोवीस तास. पेठ रोडच्या खड्ड्यात त्यावर आणखी पीळ बसतो आणि ते फाटतं. फाटायच्या आधीचे दोन-तीन महिने गाडी थोडी ताठही लागते, कारण पिळलेलं रबर स्वतःच एक जादाची स्प्रिंग होऊन बसतं.

म्हणजे पार्ट बरोबर होता, तोही कंपनीचाच. चुकला होता तो शेवटचा पान्हा. हे कळल्यावर मला राग आला, आणि हायसंही वाटलं, कारण रोग कायमचा नव्हता.

उपाय सोपा आहे आणि कुठल्याही गॅरेजमध्ये होतो. लिफ्टवर बोल्ट नुसते हाताने बसवून जरा घट्ट करायचे, पूर्ण आवळायचे नाहीत. मग गाडी चाकांवर उभी करायची, पुढून दोन-चारदा दाबून सोडायची म्हणजे ती आपल्या जागेवर बसते, आणि मग गॅरेजमधल्या, गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात उतरून किंवा अलाइनमेंटच्या रॅम्पवर शेवटचं आवळायचं. अलाइनमेंटच्या रॅम्पवर गाडी चाकांवरच उभी असते, तेव्हा दोन्ही कामं एका फेरीत होतात: आधी आवळणं, मग अलाइनमेंट. क्रम उलटा नको, कारण बोल्ट आवळताना आर्म किंचित सरकतो. आडवा बोल्ट असलेल्या प्रत्येक रबरी बुशला हाच नियम, मागच्या बीमच्या बुशलासुद्धा.

मी हे गॅरेजमध्ये सांगितलं तेव्हा मिस्त्रीमामांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. "ताई, वीस वर्षं असंच आवळतोय." मी फाटलेला बुश त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फिरवून बघितला, काही बोलले नाहीत, पोऱ्याला हाक मारली आणि गाडी खड्ड्यावर घ्यायला सांगितली. आवळून झाल्यावर त्यांनी स्वतःच बोल्टच्या डोक्यावर आणि चेसिसवर मिळून पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढली. बोल्ट तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल.

शॉकअप खरंच गेला असेल तर तो सांगतो. नळीवर ओलसर धूळ चिकटलेली असणं ठीक, पण तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल तर तो संपला. टायर हाताने चाचपला तर गोल फिरताना उंच-सखल चट्टे लागतात. ब्रेक मारल्यावर नाक जास्त खाली जातं. गाडी कोपऱ्यातून दाबून सोडल्यावर एक-दीड झोक्यात थांबायला हवी. ही परीक्षा पूर्णपणे गेलेला शॉकअप पकडते, अर्धवट थकलेला त्यात निसटू शकतो, त्यासाठी निफाडकडचा लाटांचा रस्ताच बरा. बदलायचे तर एका ॲक्सलचे दोन्ही, आणि त्याच वेळी वरचं माउंट, बंप स्टॉप आणि धूळ अडवणारं रबरी कव्हर. कव्हर फाटलं की चिखल दांड्यावर बसतो आणि तेलाचं सील कापतो.

स्प्रिंगच्या वेढ्यांत घालायचे रबरी बफर आणि गाडी उंच करायचे स्पेसर याबद्दल मला दोन मैत्रिणींनी विचारलं. नका घालू. बफर घातला की तेवढे वेढे दबायचे थांबतात, म्हणजे स्प्रिंग कडक झाली. खाली घासणं थांबतं, पण दणका वाढतो. स्पेसरने गाडी उंच होते आणि चाकाला खाली जायला उरलेली जागा कमी होते. खड्ड्यात चाक उतरताना शॉकअप पूर्ण ताणला जाऊन खेचला जातो.

आईसाठी आणखी एक बदल केला. ती आता पुढे बसते. मागची सीट मागच्या चाकांच्या जवळपास डोक्यावर असते, तिथे प्रत्येक धक्का पूर्ण पोचतो. दोन्ही ॲक्सलच्या मध्ये बसलेल्याला तो बराच कमी लागतो. बसलेल्या माणसाच्या पाठीला सेकंदाला ४ ते ८ वेळा येणारी थरथर सगळ्यात जास्त बाधते, आणि खराब रस्ता, ताठ टायर, जड चाक मिळून थरथर वाढवतात. लाटांच्या रस्त्यावर मी वेग दहाने कमी करते, ताल तुटतो आणि डोलणं थांबतं. खड्डा चुकवता आलाच नाही तर ब्रेक खड्ड्याच्या आधी मारून आत शिरताना पाय काढून घेते. ब्रेक दाबलेला असताना नाक खाली गेलेलं असतं, पुढच्या स्प्रिंगला दबायला जागाच उरत नाही.

हे सगळं करून एक अख्खा पावसाळा गेला आहे. हवा ३३, डिकीत स्टेपनी घट्ट, लिंक रॉडची नवी जोडी, आणि बुश नवे पण त्याच कंपनीचे, गाडी चाकांवर उभी करून आवळलेले. रिव्हर्स घेऊन पुढे निघताना येणारी ठक गेली. ५०० किलोमीटर झाल्यावर एकदा, आणि पाऊस उघडल्यावर एकदा, मी गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी नेऊन टॉर्चने बघून आले. चिखल पुसला तेव्हा पांढरी रेघ बोल्टवरून चेसिसवर सरळ गेलेली होती.